चारपदरी कॅसेट : स्टुडिओ घरी आला त्याचा इतिहास



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत कॅसेट रेकॉर्डरचा इतिहास कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. विचारायलाच हवा. आमचं उत्तर सरळ आहे. आपल्या वस्तीत एकेकाळी घरोघरी कॅसेट होत्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचं आणि येताना स्टॉलवरून भीमगीतांची कॅसेट आणायची, हा कित्येक घरांचा रिवाज होता. पण ती कॅसेट आपल्याकडे आली ती ऐकण्यासाठी. गाणं रेकॉर्ड व्हायचं ते कंपनीच्या स्टुडिओत, कंपनी ठरवील तेव्हा. तिकडे जपान-अमेरिकेत मात्र हीच कॅसेट एका वेगळ्या यंत्रात बसवली गेली आणि स्टुडिओची किल्ली सामान्य माणसाच्या हाती आली. हा हत्याराचा इतिहास आहे. आणि हत्यार कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न कामगाराने नेहमीच विचारला पाहिजे.

त्यातही ही यंत्रे एक नव्हती, अनेक होती. घेणाऱ्याला निवड करावी लागे. ती निवड लोक कशी करीत, कशाच्या बदल्यात काय सोडीत, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधीचा काळ

सुरुवातीला रेकॉर्डिंग म्हणजे सगळ्यांनी एकदम गायचे-वाजवायचे. ढोलकीवाला चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. एका माणसाने आधी एक वाद्य वाजवावे, मग तेच ऐकत त्यावर दुसरे वाजवावे, ही कल्पना रुजवणाऱ्यांत अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवादकाचे नाव मोठे आहे. १९४८ साली त्याचे 'लव्हर' हे गाणे बाजारात आले. त्यात गिटारचे आठ पदर होते आणि आठही त्याने एकट्याने वाजवलेले! हे काम त्याने आपल्या हॉलिवूडच्या घराच्या गॅरेजात, तबकड्यांवर केले. एका तबकडीवर वाजवायचे, ती लावून तिच्यासोबत दुसरीवर वाजवायचे. मध्ये चूक झाली तर मागची मेहनत पाण्यात.

पुढे टेप आली. एकाच रुंद टेपवर शेजारी-शेजारी अनेक पट्टे आखून प्रत्येक पट्ट्यावर वेगळा आवाज घ्यायचा. या पट्ट्याला म्हणतात ट्रॅक. साचेखात्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच समजेल. ताण्याचे धागे फणीतून शेजारी-शेजारी जातात, प्रत्येक आपल्या घरातून, तरी कापड एकच निघते. तसेच हे. १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने लेस पॉलला आठ ट्रॅकचे यंत्र बनवून दिले. किंमत सुमारे दहा हजार डॉलर. त्या काळी एवढ्या पैशात घर येत असे. १९६७ साली बीटल्स मंडळींची 'सार्जंट पेपर' ही गाजलेली रेकॉर्ड निघाली, तीही लंडनच्या स्टुडिओत चार ट्रॅकच्या यंत्रांवरच तयार झाली होती. म्हणजे चार ट्रॅक ही काही हलकी गोष्ट नव्हे. पण ते चार ट्रॅक मालकाच्या इमारतीत होते आणि तिथला वेळ तासाच्या भावाने विकला जात होता.

कॅसेटच्या पोटात काय असते?

कॅसेट ही फिलिप्स कंपनीची देणगी. लू ओटेन्स नावाच्या इंजिनिअरच्या हाताखालच्या मंडळींनी ती तयार केली आणि १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. फिलिप्सने हा नमुना इतर कारखान्यांनाही फुकट वापरू दिला. अट एकच, मापे बदलायची नाहीत. त्यामुळेच कोणत्याही देशातली कॅसेट कोणत्याही देशातल्या टेपरेकॉर्डरमध्ये बसू लागली.

कॅसेटमधली टेप ३.८१ मिलिमीटर रुंद. साध्या स्टिरिओ कॅसेटमध्ये तिच्यावर चार ट्रॅक असतात. दोन 'ए' बाजूचे (डावा-उजवा) आणि दोन 'बी' बाजूचे. कॅसेट उलटी केली की दुसरे दोन वाजतात. आता बघा, चार ट्रॅक तर आधीपासून होतेच! फक्त दोन जाताना वाजत आणि दोन येताना. एखाद्या यंत्राने चारही एकाच दिशेने वाचले तर? कॅसेट उलटायची सोय जाईल, पण चार वेगळे आवाज एकत्र मिळतील. सगळी करामत एवढ्यातच आहे.

१९७९ : पोर्टास्टुडिओ

टीॲक ही १९५३ साली सुरू झालेली जपानी कंपनी. तिची चार ट्रॅकची, मोठ्या रिळांची यंत्रे १९७०च्या दशकात हौशी कलावंत वापरू लागले होते. पण रिळाचे यंत्र वेगळे, मिक्सर वेगळा, त्यांना जोडणाऱ्या वायरी वेगळ्या. १९७९ साली टीॲकने हे सगळे एका पेटीत बसवले. चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि मिक्सर, दोन्ही एकत्र. नाव ठेवले पोर्टास्टुडिओ, नंबर १४४. किंमत हजार डॉलरच्या आसपास. गरिबाला तीही जास्तच, पण महिन्याच्या कमाईतून बाजूला टाकत टाकत दोस्तांनी मिळून घेण्याजोगी होती. पुढे टीॲकच्याच टॅसकॅम या नावाने ही यंत्रे जगभर ओळखली गेली.

मागोमाग फॉस्टेक्स ही दुसरी जपानी कंपनी उतरली. यामाहा आली. बाजारात स्पर्धा लागली आणि घेणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहिला, यातले कोणते?

निवड कशी करायची?

जाहिरातीत प्रत्येक यंत्र उत्तमच असते. जाणकार मात्र चार-पाच गोष्टी विचारीत.

पहिली गोष्ट, टेपचा वेग. साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते. १४४ पोर्टास्टुडिओ तिला दुप्पट, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर पळवीत असे. वेग वाढला की त्याच एका सेकंदाच्या आवाजाला टेपची जास्त लांबी मिळते. झांजेची किणकिण, शब्दातला 'स' आणि 'श' हे बारीक आवाज स्वच्छ उतरतात, आवाजाची थरथरही कमी होते. पण टेप दुप्पट संपते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. दुप्पट वेगात ती पंधरा मिनिटांत संपली, आणि चारही ट्रॅक एकाच दिशेचे असल्याने उलटी करून भागत नाही. म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट घ्या आणि पंधरा मिनिटे वापरा. एकशेवीस मिनिटांची कॅसेट घेऊन हिशोब जुळवावा म्हटले तर तिची टेप फार पातळ, सारख्या मागे-पुढे करण्यात ताणली जाते, गुंडाळी होते. म्हणून साठ किंवा नव्वदचीच घ्यावी, असा जाणत्यांचा सल्ला असे.

दुसरी गोष्ट, 'सूं' आवाज. अरुंद टेपचा सततचा सुस्कारा असतो. तो दाबण्यासाठी यंत्रात सोय असते. डॉल्बी बी, डॉल्बी सी आणि डीबीएक्स या तीन पद्धती मुख्य. डॉल्बी बी सौम्य, सी तिच्याहून कडक आणि डीबीएक्स सर्वांत कडक. डीबीएक्स रेकॉर्ड करताना मोठ्या-लहान आवाजातले अंतर निम्मे करते आणि वाजवताना पुन्हा दुप्पट करते. सुस्कारा जवळजवळ नाहीसा होतो. पण फुकट काहीच मिळत नाही. ढोलासारख्या ठोक्याच्या वाद्याभोवती आवाज श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो, हे तिखट कानाच्या माणसाला खटकते. १४४मध्ये डॉल्बी बी होते, १९८२च्या २४४मध्ये डीबीएक्स आले. फॉस्टेक्सने आपल्या २५० या यंत्रात डॉल्बी सी धरले. इथे निवड म्हणजे चवीचा प्रश्न होता. एकाला शांतता हवी, दुसऱ्याला ठोक्याचा जिवंतपणा.

तिसरी गोष्ट, एका वेळी किती ट्रॅकवर रेकॉर्ड होते. १९८३ साली फॉस्टेक्सने एक्स-१५ काढला. किंमत पाचशे डॉलरच्या आत आणि वर बॅटरीच्या सेलवर चालणारा! वेग मात्र साधाच, डॉल्बी बी, आणि ट्रॅक चार असले तरी एका वेळी दोनवरच रेकॉर्ड होई. एकट्याने एकेक पदर चढवणाऱ्याचे काही अडत नसे. पण चौघांचा संच एकदम वाजवणार असेल आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा ठेवायचा असेल, तर हे यंत्र कामाचे नाही. टॅसकॅमनेही याच वर्गात पोर्टा वन काढला. साधा वेग, बॅटरीची सोय, पण डीबीएक्ससह.

चौथी गोष्ट, वेग किंचित कमी-जास्त करायची खुंटी. दिसायला किरकोळ, पण पेटीवाल्याला विचारा. हार्मोनियमचा सूर पिळता येत नाही. आधीचे रेकॉर्डिंग अर्धा सूर इकडे-तिकडे असेल तर टेपच पेटीला जुळवून घ्यावी लागते. ती ही खुंटी करते.

पाचवी गोष्ट, ड्रम मशीन वगैरे जोडायचे आहे का. ते टेपसोबत चालावे म्हणून एका ट्रॅकवर खुणेचा कर्कश आवाज भरतात, बहुधा चौथ्यावर, कारण तो कडेचा. या खुणेच्या ट्रॅकवर डीबीएक्स चालू असेल तर खूण बिघडते, म्हणून तेवढ्यापुरते ते बंद करता येते का, हे पाहावे लागे. शिवाय ट्रॅक इतके चिकटून की शेजारच्या तिसऱ्यावर ती खूण पुसट झिरपते. अशा ट्रॅकवर नाजूक आवाज घेऊ नये.

आणि सहावी गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसे. दोस्ताकडे कोणते यंत्र आहे? एका घरी भरलेली कॅसेट दुसऱ्या घरी नेऊन पुढचा पदर चढवायचा, तर दोन्हीकडे वेग तोच हवा, सूं-आवाजाची पद्धत तीच हवी. नाही तर एकाची मेहनत दुसऱ्याकडे रडक्या आवाजात वाजणार. महागाचे एकटे यंत्र घ्यायचे की चार जणांत चालणारे साधे? आम्हाला विचाराल तर संघटनेच्या माणसाने दुसरे घ्यावे.

चारात दहा

चार ट्रॅकमध्ये चारच आवाज, असे समजू नका. पहिल्या तीन ट्रॅकवर तीन आवाज भरा. मग ते तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवा आणि उतरवतानाच एक नवा आवाज सोबत गा. चौथ्यावर चार आवाज झाले आणि पहिले तीन ट्रॅक मोकळे. आता दोनवर दोन भरा, ते तिसऱ्यावर उतरवताना आणखी एक जोडा, झाले तीन. मग पहिल्यावर एक भरा, दुसऱ्यावर उतरवताना एक जोडा, झाले दोन. शेवटी पहिल्यावर एक. चार, तीन, दोन, एक, बेरीज दहा.

मात्र एकदा उतरवून जुना ट्रॅक पुसला की ढोलकी जास्त झाली, कोरस दबला, ही तक्रार करायला जागा नाही. दर उतरवणीला सूं-आवाजही थोडा वाढतो. म्हणून काय आधी भरायचे, काय शेवटी, कोणाचा आवाज स्वतंत्र ठेवायचा, हे सुरुवातीलाच ठरवावे लागे. मुख्य गायकाचा ट्रॅक बहुतेक जण शेवटपर्यंत वेगळा ठेवीत. कमी साधनात काम करणाऱ्याला डोके आधी चालवावे लागते, हे आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

जानेवारी १९८२

आता या यंत्रावरची सर्वांत गाजलेली गोष्ट. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेचा मोठा गायक, बापाच्या कष्टाच्या घरातून वर आलेला. नवी गाणी कच्ची करून आपल्या संचाला ऐकवावीत म्हणून त्याने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी, भाड्याच्या घराच्या झोपायच्या खोलीत, १४४ पोर्टास्टुडिओ मांडला. दोन साधे, दणकट माइक. बहुतेक गाणी ३ जानेवारी १९८२ला भरली. नंतर ती कॅसेट डबीशिवाय खिशात घेऊन तो फिरत होता! मोठ्या स्टुडिओत सगळ्या संचासह तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण कच्च्या कॅसेटमधला एकटेपणा काही उतरेना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' ही रेकॉर्ड निघाली, ३० सप्टेंबर १९८२ रोजी. कॅसेटवरचा आवाज तबकडीवर चढवताना कारागिरांना घाम फुटला, तरी ती निघाली.

त्यातल्या 'जॉनी ९९' या गाण्याचा नायक कामावरून गेलेला मोटार कामगार आहे. गाण्यात माहवा गावच्या कारखान्याचा उल्लेख येतो. न्यू जर्सीतल्या माहवाचा मोटार कारखाना १९८० साली खरोखरच बंद पडला होता. बंद कारखान्याच्या कामगाराचे दुःख एका खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेटवर, तसेच्या तसे जपले गेले.

आणि पाहा, त्याच महिन्यात, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण आमच्यासारख्याच्या मनात त्या शेजारी-शेजारी बसतात, दोन ट्रॅकसारख्या. आपल्याकडे गेटवरच्या सभांत शाहीर गात, डफ वाजे, हजारो माणसे ऐकत. त्यातले किती कुणाच्या टेपवर आले? वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गायले. त्या रात्रीच्या मैफलींपैकी कॅसेटवर राहिले ते थोडे, हवेत गेले ते जास्त. आपल्याकडे गळे कमी नव्हते, शब्द तर मुळीच कमी नव्हते. कमी होते ते हत्यार. १९९१ पूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर जकात जबर होती. हजार डॉलरचे यंत्र चाळीतल्या गायन पार्टीने आणायचे कुठून?

पुढे काय झाले?

१९९०च्या दशकात टॅसकॅमच्या ४८८सारख्या यंत्राने त्याच अरुंद टेपवर आठ ट्रॅक बसवले. ट्रॅक दुप्पट झाले, पण प्रत्येकाची रुंदी घटली. पुन्हा तोच सौदा! १९९४ साली अमेरिकेतल्या डेटन शहरात, शाळामास्तर असलेल्या रॉबर्ट पोलार्डच्या 'गाइडेड बाय व्हॉइसेस' या संचाची 'बी थाउजंड' ही रेकॉर्ड निघाली. तीही मुख्यतः घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर भरलेली. खरखर तशीच ठेवून. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण त्याच सुमारास डिजिटल यंत्रे येत होती, मग मिनीडिस्कवरची आली, मग संगणक आला, आणि कॅसेटचे पोर्टास्टुडिओ बाजूला पडले. आज हातातल्या मोबाइलमध्ये चाराहून कितीतरी जास्त ट्रॅक मावतात.

म्हणजे कमी पडत होते ते हत्यार आता घराघरात आहे. निवडीचे प्रश्न मात्र जुनेच आहेत. कोणासाठी भरायचे? काय ठेवायचे, काय सोडायचे? आणि वीस वर्षांनी ते वाजणार कशावर? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. चार ट्रॅकची कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली तर दोन ट्रॅक ऐकू येतात, वेग दुप्पट असेल तर तेही रेंगाळत, जड आवाजात. उलटी केली की उरलेले दोन मागून पुढे वाजतात. कोणाला वाटेल कॅसेट खराब झाली, आणि टाकून देईल. ती खराब नसते. तिची भाषा कळणारे यंत्र समोर नसते, एवढेच. म्हणून शहाणे लोक कॅसेटच्या कागदावर चार गोष्टी लिहून ठेवीत: कोणते यंत्र, कोणता वेग, सूं-आवाजाची कोणती पद्धत आणि कोणत्या ट्रॅकवर कोण. शिवाय तारीख.

आपल्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत अजून साध्या कॅसेट असतील. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वडिलांनी जयंतीला गायलेलं गाणं, कुणा भंतेजींची धम्मदेसना. रबराचा पट्टा वितळलेल्या जुन्या यंत्रात त्या एकदम घालू नका, टेप गुंतेल. चालू स्थितीतल्या यंत्रावर, हेड स्पिरिटने पुसून, एकदा वाजवा आणि वाजतानाच मोबाइलवर किंवा संगणकावर उतरवून घ्या. आणि आवाज कोणाचा, साल कोणते, जागा कोणती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. ज्यांना तो आवाज ओळखता येतो, अशी माणसे आज आपल्यात आहेत तोवरच हे काम सोपे आहे.